फसलेल्या प्रयोगाचा हिशेब

मे 2025 मध्ये डी बिअर्स या हिऱ्यांच्या धंद्यातल्या जुन्या आणि बड्या कंपनीने आपला ‘लाइटबॉक्स’ हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचे दागिने विकणारा हा ब्रँड सातच वर्षांपूर्वी, मे 2018 मध्ये, मोठा गाजावाजा करून जाहीर झाला होता. त्यासाठी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ग्रेशम इथे 9 कोटी 40 लाख डॉलर खर्चून कारखाना उभारला गेला. ब्रँड बंद झाला, कारखाना मात्र मोडीत निघाला नाही. डी बिअर्सच्याच ‘एलिमेंट सिक्स’ या कंपनीने तो औद्योगिक हिऱ्यांकडे वळवला, म्हणजे चिपमधली उष्णता वाहून नेणाऱ्या चकत्या, लेसरची भिंगं, क्वांटम उपकरणं यांकडे. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवायला हे नमुनेदार उदाहरण आहे. बदल ओळखला, त्यात उतरून पाहिलं, त्यातून शिकले, वेळेवर बाहेर पडले आणि मिळालेलं ज्ञान दुसऱ्या कामाला लावलं.

याच सात वर्षांचा सुरतेतला हिशेब त्या वर्गात कुणी मांडत नाही. तंत्रज्ञान आणि जागतिक राजकारण एकाच वेळी उलटंपालटं होत असताना बहुराष्ट्रीय कंपन्या नवं काही घडवण्याचं काम कसं सांभाळतात, यावर आज भरपूर लिहिलं जातं. त्यात जोखमीची वाटणी हा मुद्दा हटकून येतो. जोखीम वाटली जाते हे खरंच आहे. पण ती कुणाकुणात वाटली जाते, हे मुख्यालयातून दिसत नाही. डिंडोलीतून ते बरंच स्पष्ट दिसतं.

डिंडोली सुरतेच्या आग्नेय अंगाला आहे. उधन्याहून जळगावकडे फुटणारा रेल्वेमार्ग इथूनच जातो. नवागाम-डिंडोली हा एकेकाळचा गावठाणाचा पट्टा आज महापालिकेतला दाट वस्तीचा भाग झाला आहे. एकाला एक चिकटलेली रो-हाऊसेस, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या इमारती, आणि त्यांत धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबं. घरात अहिराणी, कामावर हिंदी-गुजराती, आणि मुलांसाठी महापालिकेच्या मराठी शाळाही. ही वाट आजची नाही. हिऱ्यांचा व्यापारी ताव्हेर्निए सतराव्या शतकात सुरतेहून नवापूर, नंदुरबार करत बऱ्हाणपूरला गेला तो याच तापीच्या खोऱ्यातून. माणसांचा ओघ पुढे उलट दिशेने वाढला. कोरडवाहू रानात पीक हाती लागलं नाही की सुरतेची गाडी धरायची, हे खानदेशातल्या कित्येक घरांनी केलं आहे.

सुरतेचा हिरे बाजार डिंडोलीत नाही. तो महिधरपुऱ्यात, वराछा-कतारगामच्या कारखान्यांत आणि 17 डिसेंबर 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या खजोदच्या डायमंड बुर्समध्ये आहे. घंटीवर, म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायच्या चाकावर, बसणारे रत्नकलाकार मुख्यतः सौराष्ट्रातले. खानदेशी माणूस आढळतो तो लूम्सच्या खात्यात, पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड मार्केटात, एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर. काही जण हिऱ्यातही आहेत. बायका घरबसल्या साड्यांचे धागे कापतात, टिकल्या आणि काचेचे खडे चिकटवतात. तरी हिऱ्याची गोष्ट इथून सांगायचं कारण असं की सुरतेत एका धंद्याची मंदी दुसऱ्या धंद्याच्या दारात उभी राहते. घंटी बंद पडलेला कारागीर एम्ब्रॉयडरीच्या खात्यात काम विचारू लागतो आणि मीटरवर किंवा टाक्यांवर मिळणाऱ्या मजुरीची घासाघीस सुरू होते. या शहराच्या ज्या लवचिकतेचं सगळे कौतुक करतात, ती उधना, लिंबायत, डिंडोली अशा वस्त्यांमधल्या घरखर्चातून भरली जाते.

कंपन्यांचं हे वागणं सुरतेने पहिल्यांदाच पाहिलेलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीची वखार इथे 1613 च्या सुमाराला उभी राहिली. 1643 मध्ये लंडनच्या संचालकांनी सुरतेच्या वखारीला कळवलं की रंगवलेल्या रजयांची लाल जमीन आमच्या गिऱ्हाइकांना रुचत नाही, पांढऱ्या जमिनीवर रंगीत फुलं-फांद्या काढून पाठवा. आज ज्याला ग्राहकाच्या पसंतीनुसार डिझाइन बदलणं म्हणतात, ते साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी पत्राने होत होतं. इथल्या रंगाऱ्यांनी जमीन बदलली, माल खपला, इतका खपला की युरोपातले विणकर चिडून उठले. फ्रान्सने 1686 मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडने 1700 मध्ये आयात रोखणारा आणि 1721 मध्ये वापरच रोखणारा कायदा केला. कंपनीने काय केलं? पुनर्निर्यातीला कायद्याने मुभा होती, म्हणून तिने तोच माल लंडनमार्गे युरोपच्या इतर देशांत आणि आफ्रिकेत वळवला. तिच्याजवळ दुसरी बाजारपेठ होती. रंगाऱ्याजवळ दुसरा धंदा नव्हता.

आता पुन्हा हिऱ्याकडे. प्रयोगशाळेत हिरा बनवता येतो, हे जनरल इलेक्ट्रिकने फेब्रुवारी 1955 मध्येच जाहीर केलं होतं. डी बिअर्स गाफील राहिली नाही, तिनेही लवकरच ते तंत्र आत्मसात केलं आणि औद्योगिक वापरासाठी माल काढू लागली. दागिन्यातला हिरा मात्र खाणीतलाच असायला हवा, यावर तिचा सगळा डोलारा उभा होता. ‘हिरा कायमचा’ या अर्थाची तिची जाहिरात 1947 मध्ये लिहिली गेली आणि त्या एका वाक्याने पुढच्या कित्येक पिढ्यांच्या साखरपुड्याचा खर्च ठरवला. 2010 नंतर सीव्हीडीचं तंत्र स्वस्त आणि भरवशाचं झालं. एका पातळ चकतीवर मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून कार्बनचे थर चढवत न्यायचे, हजार अंशांच्या आसपास तापमान राखायचं, काही आठवडे वीज खंडित होऊ द्यायची नाही. निघणारा दगड रसायनाने आणि काठिण्याने खाणीतल्यासारखाच, डोळ्याला फरक कळत नाही. जुलै 2018 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हे विशेषणच काढून टाकलं. त्यानंतर कायद्याची भिंतही राहिली नाही.

लाइटबॉक्स आला तो नेमका या वळणावर. त्याची किंमत ठेवली कॅरटला 800 डॉलर, सरळ, आकारामागे वाढणारं गणित नाही. बाजारात तेव्हा इतर उत्पादक याच्या कित्येक पट भाव घेत होते. माझ्या समजुतीने त्या किमतीतच कंपनीची खरी चाल होती. हा दगड हौसेचा, स्वस्त, वाढदिवसाच्या भेटीचा, तो अंगठीतल्या त्या एका हिऱ्याची जागा घेऊ शकत नाही, हे गिऱ्हाइकाच्या मनावर ठसवायचं होतं. नफा झाला तर उत्तम, नाही झाला तरी दोन हिऱ्यांमध्ये दरी पडली की काम झालं. डेन्मार्कच्या पँडोराने मे 2021 मध्ये नेमकी उलटी बाजी लावली. खाणीतले हिरे यापुढे वापरणार नाही, असं तिने जाहीर केलं. दोन्ही कंपन्या एकाच बदलाकडे पाहत होत्या. दोघींनी आपापल्या ताळेबंदाला परवडेल तेवढं धाडस केलं. यात मला गैर काही दिसत नाही. कंपनीने प्रयोग करायचेच असतात.

सुरतेत मात्र त्या प्रयोगाकडे प्रयोग म्हणून पाहायला कुणाला फुरसत नव्हती. इथे तो धंदा होता. चीनच्या हनान प्रांताने उच्च दाबाच्या तंत्रात आघाडी घेतली होती, सुरतेने सीव्हीडीची वाट धरली. गाळ्यागाळ्यांतून हिरे वाढवणारे रिॲक्टर बसले, कर्जं निघाली. केंद्राने 2023 च्या अर्थसंकल्पात हिरा वाढवायला लागणाऱ्या सीडवरचं 5 टक्के आयात शुल्क शून्यावर आणलं आणि संशोधनासाठी आयआयटीला पाच वर्षांचं अनुदान दिलं. आयआयटी मद्रासमध्ये त्यातून केंद्र उभं राहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना प्रयोगशाळेत वाढवलेला साडेसात कॅरटचा सुरती हिरा भेट दिला, तेव्हा सुरतेची छाती फुगली आणि ते योग्यच होतं. पण सगळ्यांनी एकाच वेळी रिॲक्टर लावले की काय होतं, ते पुढच्या दोन वर्षांत दिसलं. माल वाढला, भाव कोसळले. लाइटबॉक्स बंद करताना डी बिअर्सनेच सांगितलं की दागिन्यांतल्या अशा हिऱ्यांचा घाऊक भाव 90 टक्क्यांनी उतरला आहे.

कंपनीलाही चटके बसले, हे मान्य करायला हवं. स्वस्त दगडाने खाणीतल्या हिऱ्याचंही गिऱ्हाईक ओढलं, त्यात चीनमधली मागणी आटली. मालक अँग्लो अमेरिकनने डी बिअर्सचं मूल्य फेब्रुवारी 2024 मध्ये 1.6 अब्ज डॉलरने आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये 2.9 अब्ज डॉलरने कमी करून दाखवलं. डी बिअर्समधून बाहेर पडण्याचा इरादा तर मे 2024 मध्येच जाहीर झाला होता. हे आकडे मोठे आहेत. पण ते लिहायला एक रकाना असतो, हाच माझा मुद्दा आहे. तोटा मान्य झाला, वहीत चढला, भागधारकांना सांगितला गेला आणि पुढचं पान उघडलं. खानदेशातला शेतकरी कपाशीच्या ओळींत तुरीची एखादी ओळ टाकतो, कपाशी गेली तर तूर तरी घरी येईल म्हणून. डी बिअर्सकडे अशा कितीतरी ओळी आहेत. खाणी आहेत, ब्रँड आहे, ओरेगनचा कारखाना आहे, पेटंट आहेत. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराजवळ एकच ओळ असते, ती म्हणजे आजचं काम.

त्याचा तोटा कुठल्या वहीत चढतो? ऑगस्ट 2024 मध्ये सुरतेतल्या एका फार मोठ्या हिरे कंपनीने आपल्या 50 हजार कामगारांना एकदम दहा दिवसांची सुट्टी दिली. ती मोठी कंपनी होती, म्हणून बातमी झाली. वराछाच्या गल्ल्यांतले दहा-वीस घंट्यांचे कारखाने सुट्टीनंतर उघडलेच नाहीत, तर त्याची नोंद शेजारच्या चहावाल्याजवळच सापडेल. जुलै 2024 मध्ये गुजरातच्या डायमंड वर्कर्स युनियनला आत्महत्या रोखण्यासाठी हेल्पलाइन सुरू करावी लागली. मे 2025 मध्ये, ज्या महिन्यात लाइटबॉक्स बंद होत होता त्याच महिन्यात, गुजरात सरकारने काम गेलेल्या रत्नकलाकारांच्या मुलांची वर्षाला 13,500 रुपयांपर्यंतची शाळेची फी भरण्याची योजना जाहीर केली आणि लहान कारखान्यांना कर्जाच्या व्याजात सवलत दिली. सरकारने काहीतरी केलं, हे बरंच झालं. पण या धंद्याच्या नव्या तंत्राची किंमत शेवटी पोराच्या शाळेच्या फीमध्ये मोजावी लागली, हे त्या योजनेतून आपोआप नोंदलं गेलं.

राजकारणाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि त्यात कंपन्यांचं कसब जास्त दिसतं. रशियाची अल्रोसा जगातल्या कच्च्या हिऱ्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा काढत असे आणि तिचा बारीक माल मोठ्या प्रमाणात सुरतेत घडत असे. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि अमेरिकेने निर्बंध घातले. 1 जानेवारी 2024 पासून जी-7 देशांनी रशियातून थेट येणारे हिरे थांबवले आणि 1 मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पाडून येणारे एक कॅरट किंवा त्याहून मोठे हिरेही. तिसरा देश म्हणजे मुख्यतः भारत, आणि भारत म्हणजे सुरत. आता असा प्रत्येक दगड कुठल्या खाणीतला, हे सिद्ध करायचं होतं.

डी बिअर्सजवळ त्याचं उत्तर तयार होतं. 2018 पासून ती ‘ट्रेसर’ नावाची डिजिटल नोंदवही विकसित करत होती. खाणीतून निघाल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंत दगडाचा माग ठेवणारी ही व्यवस्था सुरुवातीला गिऱ्हाइकाचा विश्वास वाढवणारी एक सोय होती. युद्धाने तिला बाजारात शिरायच्या परवान्यासारखं महत्त्व आलं. दूरदृष्टी म्हणावी तर ती इथे होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. संकट येण्याआधी केलेली गुंतवणूक संकटात प्रतिस्पर्ध्याच्या वरचढ ठरली. पण ज्या कारखान्यात माल रोज पाकिटांनी येतो-जातो, वेगवेगळ्या खाणींचा एकत्र चाळला जातो, तिथे प्रत्येक खाणीचा माल वेगळा ठेवायचा म्हणजे जागा, माणूस, कागद, संगणक सगळंच वाढतं. मोठ्या सुरती कंपन्यांनी ते केलं. जॉबवर्क करणाऱ्या लहान कारखानदाराला ते जमलं नाही तर त्याचं काम मोठ्याकडे सरकलं. शस्त्राशिवाय लढल्या गेलेल्या या लढाईत लहान कारखाने पुसले गेले आणि कुणीही त्यांच्यावर निर्बंध घातले नव्हते.

मग 2025 मध्ये अमेरिकेचं आयात शुल्क आलं. एप्रिलमध्ये 10 टक्के, 7 ऑगस्टपासून 25 आणि रशियन तेल घेतल्याची शिक्षा म्हणून 27 ऑगस्टपासून 50. सुरतेच्या घडवलेल्या हिऱ्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक तेव्हा अमेरिका होती. ज्यांची कार्यालयं दुबईत, अँटवर्पमध्ये, बोत्सवानात होती, त्या कंपन्यांना मालाचा रस्ता बदलण्याचा विचार तरी करता आला. तीनशे वर्षांपूर्वी छापील कापड लंडनमार्गे आफ्रिकेकडे वळवणाऱ्या कंपनीची युक्ती हीच होती. फरक एवढाच की आता ती करणाऱ्यांत सुरतेच्याही कंपन्या आहेत. म्हणून या सगळ्याला गोरे मालक आणि देशी मजूर असा रंग देणं मला पटत नाही. पालनपूर-सौराष्ट्रातून उभ्या राहिलेल्या, चार खंडांत कार्यालयं असलेल्या आपल्या कंपन्याही बहुराष्ट्रीयच आहेत, आणि तोट्याची वाटणी त्या निराळ्या रीतीने करत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, तंत्राने कामही दिलंच की. नैसर्गिक हिऱ्याचं काम थंडावलं तेव्हा कित्येक कारागीर लॅबच्या हिऱ्यावर गेले, नाहीतर हाल आणखी झाले असते. हे खरं आहे आणि ते खोडण्याची माझी इच्छा नाही. पण नेमकं काय घडलं ते पाहावं. दगड रसायनाने सारखा असल्यामुळे तळिया किंवा मथाळा, म्हणजे हिऱ्याच्या खालचे किंवा वरचे पैलू, मारणाऱ्या कारागिराला घंटीवर नवं काही शिकावं लागलं नाही. त्याने वीस वर्षांत कमावलेली नजर आणि हात जसेच्या तसे नव्या धंद्याला मिळाले, तेही फुकट. दोन धंद्यांमधला पूल कारागिराच्या कौशल्याचा होता. कंपनीला असा पूल ओरेगनमध्ये बांधायला कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. इथे मात्र मालाचा भाव उतरला की मजुरी खाली ओढली जाते, म्हणजे ज्याने पूल दिला त्याच्याकडूनच टोल घेतला गेला.

सुरतेने जगाला फक्त स्वस्त हात दिले, हा समज मला फार लागतो, कारण तो खोटा आहे. अँटवर्प आणि तेल अवीवच्या कारागिरांना जे दगड घडवणं परवडत नव्हतं, बारीक, तपकिरी, आत भेगा असलेले, त्यांतून माल काढण्याची रीत सुरतेने बसवली. ऑस्ट्रेलियाची अर्गाइल खाण 1980 च्या दशकात सुरू झाली तेव्हा तिच्यातला बहुतेक माल असाच होता. सुरतेने तो घडवला, खाणीच्या मालकांनी त्याला शॅम्पेन आणि कोन्याक ही नावं देऊन अमेरिकी दुकानांत पोहोचवलं. सुरतेचा आधार होता म्हणूनच अर्गाइल 1996 मध्ये डी बिअर्सच्या विक्री व्यवस्थेतून बाहेर पडू शकली. हिऱ्याच्या बाजारातली एकहाती सत्ता खिळखिळी करणाऱ्या घटनांत ही एक आहे. हे नावीन्य सुरतेच्या गल्ल्यांत घडलं. त्याचं पेटंट झालं नाही, त्याच्यावर कुणाचं नाव लागलं नाही. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये अर्गाइल बंद झाली तेव्हा खाणीची जमीन पूर्ववत करण्याचा आणि तिथल्या आदिवासी समाजाशी बोलण्याचा कार्यक्रम आखला गेला. तो आखायलाच हवा होता. तीस-पस्तीस वर्षं त्या मालावर जगलेल्या सुरतेच्या कारागिरांशी कुणी बोलल्याचं ऐकिवात नाही.

पुढे हे ज्ञान हातातून यंत्रात गेलं. कच्च्या दगडातून कुठल्या आकाराचे किती हिरे निघतील, हे पूर्वी अनुभवी माणूस भिंगातून पाहून शाईने आखायचा. इस्राएलच्या सरीन कंपनीच्या ‘गॅलेक्सी’ यंत्राने दगडातली प्रत्येक खोट त्रिमितीत दाखवायला सुरुवात केली आणि संगणक आराखडे सुचवू लागला. यात वाया जाणारा माल वाचला, अंदाज अचूक झाले. पण सरीनची हुशारी यंत्रापुरती नव्हती. यंत्र विकून थांबण्याऐवजी तिने प्रत्येक दगडाच्या स्कॅनमागे पैसे घेण्याची पद्धत आणली. मंदी असो वा तेजी, दगड तपासला की तिचा हिस्सा ठरलेला. आखणी करणाऱ्या त्या अनुभवी माणसांनी अशाच एका रीतीने, दर दगडामागे, आपल्या ज्ञानाचा मोबदला मागितला असता तर? त्यांना ते सुचलं नाही असं नाही. मागायला त्यांच्याजवळ संस्था नव्हती.

डिंडोलीत हीच गोष्ट कापडाच्या भाषेत घडली आहे. जपानी आणि चिनी बनावटीची अनेक डोक्यांची एम्ब्रॉयडरी यंत्रं आली तेव्हा खात्यांची संख्या भराभर वाढली. कालचा ऑपरेटर कर्जावर दोन मशिनं घेऊन स्वतः मालक झाला, खानदेशी माणसाला हे जमलं याचा वस्तीत अभिमान होता. मग नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी, जुलै 2017 चा जीएसटी, त्या महिन्यातला कापड मार्केटचा बंद आणि पाठोपाठ डिजिटल प्रिंटने बदललेली फॅशन. भरतकाम मागे पडलं आणि किती तरी यंत्रं भंगाराच्या भावाने गेली. शटलचे जुने माग काढून वॉटरजेट आणि रेपियर बसवले गेले तिथे एका पाळीला लागणारी माणसं कमी झाली. 2020 नंतर चिनी तंत्रज्ञांच्या व्हिसावर बंधनं आली, तेव्हा बिघडलेली यंत्रं चालती ठेवायची जबाबदारी अधिकच इथल्या फिटर-मास्तरांवर पडली. सुटा भाग मिळत नसला तर लेथवर घडवून बसवणं, हा त्यांचा रोजचा उद्योग. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याने हे केलं असतं तर त्याला संशोधन म्हटलं गेलं असतं.

म्हणून कंपनी बदलत्या काळात किती चपळ आहे, हे मोजताना तिचे किती प्रयोग यशस्वी झाले यापेक्षा तिच्या फसलेल्या प्रयोगाचं बिल कुणाच्या दारात गेलं हे पाहावं, असं माझं मत आहे. ज्या कंपनीचं अपयश तिच्या स्वतःच्या वहीत संपतं, ती खरोखर जोखीम घेते. जिचं अपयश जॉबवर्कच्या साखळीतून उतरत एखाद्या घराच्या किराण्यापर्यंत जातं, ती जोखीम घेत नाही, पुढे सरकवते.

हे बदलता येतं का? बोत्सवानाकडे पाहिलं तर येतं. तिथली डेब्स्वाना ही खाण कंपनी सरकार आणि डी बिअर्स यांची निम्म्या-निम्म्या भागीची. तिच्या मालाचा वाटा आपल्याला किती मिळावा यासाठी बोत्सवाना वर्षानुवर्षं भांडत राहिला. 2013 मध्ये कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गाबोरोनला आली. फेब्रुवारी 2025 च्या करारात सरकारी कंपनीचा वाटा पहिली पाच वर्षं 30 टक्के, पुढची पाच वर्षं 40 टक्के आणि कराराच्या वाढीव पाच वर्षांत 50 टक्के असणार, आणि देशाच्या विकासनिधीत डी बिअर्सने सुरुवातीलाच एक अब्ज पुला, म्हणजे तिथलं चलन, घालायचे, असं ठरलं. बाजार पडलेला असताना, कंपनी विकायला काढलेली असताना छोट्या देशाने हे मिळवलं, कारण करारावर सही करायला त्याच्याजवळ खाण होती आणि खाणीमागे सरकार उभं होतं.

सुरत जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ घडवते आणि अशा कुठल्याही मेजावर तिची खुर्ची नाही. निर्यातदारांची परिषद आहे, बुर्स आहे, पण तिथे कारखानदार बोलतो. कारागिराची बाजू मांडणाऱ्या युनियनकडे करार करण्याची ताकद नाही, आणि कारखाना नोंदलेलाच नसेल तर भविष्य निर्वाह निधी किंवा विम्याचा प्रश्नच निघत नाही. मागणी कुठून सुरू करावी, याची एक जागा मला दिसते. डी बिअर्स ज्यांना ठरावीक कच्चा माल विकते त्या साइटहोल्डरांना तिची आचारसंहिता पाळावी लागते. 2005 पासून ती लागू आहे, त्यात मजुरांना द्यायच्या वागणुकीच्या अटी आहेत, दरवर्षी तपासणी होते आणि त्यांच्या मोठ्या कंत्राटदारांपर्यंत ती जाते. सुरतेतल्या बड्या कंपन्या या यादीत आहेत. या संहितेत आणखी एक अट घालता येईल. साइटमधून मिळालेल्या मालाच्या किमतीचा एक छोटा हिस्सा कामगारांच्या मंदी-निधीत जमा व्हावा, त्याचा हिशेब कारागिराच्या नावाने असावा, तो कारखाना बदलला किंवा हिऱ्यातून एम्ब्रॉयडरीत गेला तरी त्याच्यासोबत जावा, आणि काम थांबलेल्या आठवड्यांत त्यातून ठरलेली रक्कम मिळावी. मालक बदलताना डी बिअर्सच्या विक्रीच्या अटींत खाणींच्या देशांची नावं येतील, तेव्हा ही अट त्यात लिहून घेण्याची संधी आहे, आणि ती मागण्याचा अधिकार भारत सरकारला आणि निर्यातदारांच्या परिषदेला आहे. आजच्या तपासणीत तपासनीस कारखान्यात येतो, घंट्या मोजतो, वायुवीजन पाहतो, हजेरीपट तपासतो. दहा दिवसांच्या सुट्टीवर पाठवलेला, किंवा सुट्टीनंतर परत बोलावलाच न गेलेला माणूस त्या दिवशी हजेरीपटावर नसतो, म्हणून त्याच्याविषयी प्रश्न विचारणारा रकाना त्या अर्जात सर्वांत आधी हवा.